आसीरच्या घाटासाठी कापलेला पाईप

थंडी पडली की आमच्या घरात माझी आणि सुनेची जुंपते. ती खिडकी लावते, मी उघडते. ती पुन्हा लावते, मी पुन्हा उठते. "आई, अहो गारठा किती आहे, न्यूमोनिया व्हायचाय का तुम्हाला?" ती म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात असं समजून ती कपाळावर आठी घालते आणि वर आणखी एक शाल माझ्या अंगावर टाकून जाते. शाल मी घेते. खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवते. परवा नातवाने मोटारसायकलला नवा सायलेन्सर बसवून आणला आणि अंगणात घरघरवून दाखवला. "आजी, ऐक, कशी ताकद वाढली!" मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण बाहेर आली. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला काय माहीत!

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. संस्थानं विलीन होत होती त्या काळातला तो हिवाळा. बुऱ्हाणपूर काही संस्थानात नव्हतं, आमच्यावर इंग्रजांचंच राज्य होतं आणि ते आता गेलं होतं. पण आजूबाजूच्या लहानमोठ्या राजेरजवाड्यांचं पाणी ओसरत होतं आणि त्यातलं काय काय वाहत आमच्या बाजारात येत होतं. झुंबरं आली, चांदीच्या मुठीच्या काठ्या आल्या, कोणाचा तरी पेंढा भरलेला वाघ आला. तो कितीतरी दिवस एका कापडाच्या दुकानात उभा होता. बायका पातळ निवडता निवडता त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या. आणि माझ्या दादाने एका जहागीरदाराची मोटार आणली.

सहा सिलिंडरची अमेरिकन गाडी. लांबलचक, काळी, दारावरचं राजचिन्ह खरवडून काढलेलं. पण नीट पाहिलं की खरवडलेल्या जागी सिंहाचं शेपूट दिसायचं. गाडी जहागीरदाराच्या जनान्याची होती, त्यामुळे मागच्या बाजूला चारी अंगांनी मखमली पडदे होते आणि पुढच्या नि मागच्या बैठकीमध्येही जाड पडदा होता. दादाने पडदे तसेच ठेवले. लग्नकार्याला, माहेरवाशिणींना न्यायला-आणायला अशी झाकलेली गाडी आमच्या गावात दुसरी नव्हती. आण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक. त्यांना हा उद्योग पसंत नव्हता. पण दादाला लहानपणापासून यंत्रांचं वेड, आणि त्याच्या हट्टापुढे आमच्या घरात कोणाचं काही चालत नसे.

गाडी दिसायला राजा आणि चढणीला रडकी. सपाटीवर, तापीच्या पुलापर्यंत, ती छान डौलात जायची. आसीरगडाचा घाट लागला की धापा टाकायची. माणसं उतरवावी लागत. दादा स्टिअरिंगला धरून लालबुंद, आणि धोतरं खोचून मागून ढकलणारे पाहुणे.

दिवाळीत वहिनीला माहेरी सोडायला निघालो तेव्हाही असंच झालं. वहिनीचं माहेर धूलकोटला, घाटापलीकडे. तिकडे आगगाडी जात नाही. लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि तिला दिवस गेलेले. अर्ध्या घाटात गाडी थांबली. वहिनी पडदा सारून खाली उतरली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "चला वन्सं, आपण पायी पुढं जाऊ." वाटेत तिने झुडपावरचं एक सीताफळ काढलं, दगडावर बसून खाल्लं आणि बिया लांब थुंकण्याची माझ्याशी पैज लावली. पैज तिनेच जिंकली. तेवढ्यात एक भरलेली लारी आम्हाला ओलांडून गेली. तिच्या टपावर बसलेल्या माणसांनी दादाकडे बघून आरोळ्या ठोकल्या आणि एकजण ओरडला, "मालक, बायकोलेच जुंपा ना गाडीले!" सगळे खदाखदा हसले.

दादाने ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद. "आता पुन्हा तिले घाटात उतरावं लागनार नाही." वहिनी म्हणायची, "अहो, मले तं चालायले आवडलं." पण हे त्याच्या कानापर्यंत पोचत नसे. बायकोचा अपमान झाला असं नवऱ्याने एकदा ठरवलं की बायकोला काय वाटतं हे विचारायचं त्याला सुचत नाही.

दादाने गाडी मोटारी दुरुस्त करणाऱ्या यासीन उस्तादांकडे नेली. त्यांचा कारखाना म्हणजे चिंचेखालची एक शेड. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा त्यांनी कोळशाच्या धुरावर लाऱ्या चालवून दाखवल्या होत्या. त्यांनी गाडीखाली शिरून धुराचा पाईप ठोकून पाहिला, सायलेन्सरचा डबा सोडवून उलटा केला, आणि त्यातून ओंजळभर काजळी जमिनीवर पडली. "देखो बेटा," ते दादाला म्हणाले, "इंजन बुढ्ढा नाही झालं. इसका नाक बंद आहे. अंदर साँस घेतं, बाहर सोडता येत नाही."

मग मुंबईच्या एका दुकानाचं जाडजूड पुस्तक आलं, मोटारीच्या सामानाचं. इंग्रजी वाचायला मी होते. मॅट्रिकला बसणार होते, आणि त्या शेडमध्ये टायरवर बसून दोन मोठ्या पुरुषांना पुस्तक वाचून दाखवताना माझी छाती फुगत होती. गाडीच्या मूळ डब्यासारखाच डबा होता. त्याने आवाज दबायचा, पण ताकद वाढणार नव्हती. एक जोडपाईप होता, तीन सिलिंडरांना एक आणि तीन सिलिंडरांना दुसरा. तो वाचून दादाचे डोळे चमकले. पण उस्ताद म्हणाले, त्याला इंजिनाचं तोंडच फोडावं लागेल, ते काम त्यांच्याच्याने व्हायचं नाही. आणि तिसरा होता सरळ नळीचा सायलेन्सर. आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती काचेचा कापूस ठासलेला. धूर वळणं न घेता थेट निघून जाणार. काचेचाही कापूस असतो हे ऐकून आम्ही बुऱ्हाणपूरकर हसलो. इथे गिरण्यांच्या गावात ज्याच्या त्याच्या केसांत कापूस, आणि अमेरिकेत तो काचेचा!

तिसरा ठरला. सायलेन्सर मुंबईहून आला, पुढचा पाईप उस्तादांनी घडवला. पाईपमध्ये तापीची सुकी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, मग भट्टीत लाल करून वाकवायचा. वाळूमुळे तो वळताना चेपत नाही. तासन्‌तास मी ते बघत बसे. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे पाईप मागच्या चाकांच्या आसावरून वळून गाडीच्या अगदी टोकापर्यंत न्यायचा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलंही होतं की पाईपचं तोंड गाडीच्या मागच्या टोकाबाहेर असलंच पाहिजे, आधी संपता कामा नये. मी ते मोठ्याने वाचलं. अगदी स्पष्ट वाचलं.

पाईप तसाच बसवला, आणि आठवड्याच्या आत एका नाल्यात दगडावर आपटून त्याचं शेपूट चेपलं. सरळ केलं, पुन्हा चेपलं. दादा वैतागला. "उस्ताद, कापून टाका ना. मागच्या बैठकीखालीच सोडा त्याले."

"धुआँ पीछे जाना चाहिए," उस्ताद हळूच म्हणाले.

"चालत्या गाडीचा धूर मागंच जातो ना? पुढं थोडाच येतो?"

मी म्हटलं, "दादा, पण पुस्तकात तर शेवटपर्यंत न्यायचा लिहिलंय."

"ते अमेरिकेच्या डांबरी रस्त्यासाठी लिव्हलं आहे, कमे. त्यायनं आपला नाला पाह्यला का?"

उस्ताद हसले. मीही हसले. अगदी मनापासून हसले, कारण दादा खरंच गमतीने बोलला होता. करवत चालली आणि पाईपचा कापलेला तुकडा खाली पडला. गाडी सुरू केली तेव्हा जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. भरदार, खोल. चिंचेवरचे पक्षी उडाले. दादाने एकट्याने घाटमाथ्यापर्यंत जाऊन परत येऊन दाखवलं, कुठेही न थांबता. येताना त्याने पेढे आणले. चूक किती आनंदाने करता येते, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

पौष लागायच्या आत वहिनीला बाळंतपणासाठी पुन्हा माहेरी पोचवायची होती. सातवा सरत आला होता, आठव्यात बाईने गाव ओलांडू नये, आणि पौषात तर नाहीच. डोहाळजेवणाची हिरवी साडी, हिरवा चुडा. ती जरा सुजली होती आणि सारखी हसत होती. थंडी त्या वर्षी कडक होती, केळीच्या बागा करपत होत्या. गरवार बाईला वारा लागू नये म्हणून आईने सकाळपासून गाडीचा ताबा घेतला. मागच्या बैठकीवर गादी, गादीवर गोधडी. वहिनीच्या कानात बोळे. मग आईने घरातलं कापसाचं गाठोडं सोडलं, आणि पडदे ओढून घेऊन काचांच्या फटीत, दारांच्या सांध्यात, जिथे जिथे बोट जाईल तिथे कापूस ठासला. नवा, पांढरा, सरकी काढलेला कापूस. इतका ठासला की दार लावायला दादाला खांदा द्यावा लागला. गाडीच्या तळाच्या लाकडी फळ्या जुन्या होत्या आणि त्यांच्यातल्या फटी गादीखाली झाकल्या गेल्या होत्या. तिथे आईचं बोट गेलं नाही.

मी पुढे दादाशेजारी बसले, कारण मागे वहिनीला आडवं व्हायचं होतं. माझ्या बाजूची काच फुटकी होती. वारा तोंडावर बोचत होता आणि मी कुरकुरत होते.

घाटाच्या पायथ्याला दादाने इंजिनाला पाणी घालायला गाडी थांबवली. तो विहिरीकडे गेला. जाताना म्हणाला, "बघ वं ती कशी आहे. उठवू नको, झोपली असली तं."

मी मधला पडदा सारला. आत उबदार होतं, काहीसं कोंदट. वहिनी जागी होती, पण डोळे जड. म्हणाली, "वन्सं, डोकं लय ठणकू राह्यलं. मळमळ होऊ राह्यली. तो पडदा थोडा उघडा राहू द्या ना."

मी म्हटलं, "वारा लागेल वहिनी. आई मला रागावेल. झोपून घ्या, घाट संपला की बरं वाटेल."

ती "हाव" म्हणाली. भांडली नाही. घाटात पायी चालताना बिया थुंकणारी माझी वहिनी, मी सांगितलं म्हणून मुकाट्याने डोळे मिटून पडून राहिली. एका दाराच्या फटीतला कापूस निसटून लोंबत होता. तो मी हात लांबवून नीट आत बसवला आणि पडदा ओढून घेतला. दादा पाण्याची बादली घेऊन आला. "झोपलीय," मी म्हटलं.

घाट आम्ही एका दमात चढलो. एकदाही थांबावं लागलं नाही. दादा मोठमोठ्याने हसत होता, स्टिअरिंगवर हात आपटत होता, मागे तोंड करून ओरडत होता, "पाह्य वं, पाह्य! उतरायचं काम नाही!" वर माथ्यावर पोचल्यावर त्याने भोंगा वाजवला, दऱ्याखोऱ्यांतून तो घुमून परत आला. मागून काही आवाज आला नाही. चांगली झोप लागलीय, असं समजून आम्हाला बरं वाटलं.

धूलकोटला दारात तिची आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. दादाने दार उघडलं.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. कापसाचे बोळे अंगणात वाऱ्यावर पळत होते, ते आठवतं. कोणीतरी म्हणालं, हृदय बंद पडलं. कोणी म्हणालं, दृष्ट, एवढी सजवून आणली ना. आणि बायका तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा एकच बोलत होत्या, की गाल कसे गुलाबी आहेत, जशी काही नवरीच. सवाष्ण गेली, पोटुशी गेली, म्हणून चेहऱ्यावर हे तेज. तिच्या आईने त्या गुलाबी गालांना हात लावून इतका वेळ हाका मारल्या की शेवटी पुरुषांनी तिला उचलून आत नेलं.

महिनाभर दादा ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. आई स्वतःला दोष देत होती, मुहूर्त चुकला म्हणून. मॅट्रिकचं पुस्तक मी उघडलं नाही.

मग एक दिवस यासीन उस्ताद घरी आले. आण्णांना भेटले, नमस्कार केला, आणि जाताना मला अंगणात बाजूला बोलावलं. त्यांनी विचारलं, वहिनीचा चेहरा कसा होता. मी सांगितलं, गुलाबी. ते पायरीवर बसले. लढाईच्या वर्षांत त्यांचा एक ड्रायव्हर कोळशाच्या लारीत थंडीचं सगळं बंद करून झोपला होता. सकाळी असाच सापडला होता, तांबूस, ताजातवाना. "बेटी, धुआँ था," ते म्हणाले. "दिसत नाही, वास पण येत नाही. फळीच्या फटीतून वर आला आणि बाहर जायला जागा नाही. मैंने काटा पाईप. माझ्या हाताने." त्यांचे काळे पडलेले तळहात ते माझ्यापुढे धरून बसले होते. मी त्यांना पाणी आणून दिलं.

दादाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तो आधीच अर्धा मेला होता. उस्ताद गाडी घेऊन गेले आणि काहीतरी निमित्त सांगून पाईप पुन्हा लांब करून, आसावरून वळवून, मागच्या टोकाबाहेर नेला. मला वाटलं, संपलं. आता फक्त मला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि देवाला.

पण संपत नसतं. दादाने पोटापाण्यासाठी गाडी पुन्हा बाहेर काढली. पहिल्याच खेपेला नाल्यात पाईप अडकला. तो तसाच उस्तादांच्या शेडवर गेला आणि मी धावत मागे गेले, कारण दुसऱ्या दिवशी एक लेकुरवाळी बाई पडद्याच्या गाडीतून डोईफोडियाला जाणार होती. दादाने करवत स्वतःच हातात घेतली होती. "काहून लांब केला? कोणाले इचारून? मी कापतो," तो ओरडत होता. उस्ताद खाली मान घालून उभे. त्या माणसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन शिव्या खात होता.

मी करवतीचं पातं धरलं. उजवा तळहात कापला. आणि दादाला सगळं सांगितलं. धूर, फळ्या, कापूस, कोळशाची लारी.

दादा जमिनीवर बसला, गाडीच्या चाकाला पाठ टेकून. भट्टीतला विस्तव राखाडी होत गेला. मग त्याने वर बघितलं. इतकी भीती मी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. त्याने विचारलं, "कमे, पायथ्याले तू पडदा उघडून पाह्यलं होतं ना? ती काही म्हणली का? तिले तरास होऊ राह्यला होता का?"

त्याने पाईप कापायला लावला होता, तो त्याचा भोग. तो त्याने उचललाच होता, त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण हे दुसरं ओझं त्याचं नव्हतं. ते माझं होतं. पायथ्याला तिला बाहेर काढलं असतं, नुसता तो पडदा जरी उघडा ठेवला असता, तर काय झालं असतं हे मला तेव्हाही कळत होतं. खरं सांगितलं असतं तर त्याने मला क्षमा केली असती. तसाच होता तो. पण मग ती मळमळत, डोकं ठणकत मागे पडलेली आणि तो पुढे हसत भोंगा वाजवतोय, हे त्याला जन्मभर दिसत राहिलं असतं. म्हणून खरं सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आणि मला भीती वाटली, हेही तितकंच खरं आहे.

"नाही दादा," मी म्हटलं. "गाढ झोपली होती. हसत होती झोपेत."

"म्हंजे तिले काहीच कळलं नाही?"

"काहीच नाही."

त्याने माझा रक्ताळलेला हात हातात घेतला, आपल्या उपरण्याने बांधला. म्हणाला, "तू होती तिच्याजवळ, हे लय बरं झालं."

त्या दिवशी दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला. तीन भाकरी खाल्ल्या, वरून ताक मागितलं. आईच्या डोळ्यांना धार लागली होती, वाढता वाढता तिने मला हळूच विचारलं, "काय सांगतलं वं तू त्याले?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि डाव्या हाताने जेवायचा प्रयत्न करू लागले.